बर्फावरचा सडा

परदेशातून परत आल्यापासून दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक मला एकच प्रश्न विचारतं. "बर्फ कसा असतो हो, वहिनी?"

मी सांगते, "निसरडा."

त्यांना यापेक्षा जास्त काहीतरी हवं असतं, हे मला कळतं. पण मला जन्मात एकदाच बर्फ पडलेला बघायला मिळाला, आणि त्या दिवशी हाताशी इतकी कामं होती की उपमा शोधायला सवड झाली नाही. काय झालं ते मात्र सगळं आठवतं. तेच लिहिते.

नव्या पेठेत आमचं चादरी आणि टॉवेलांचं दुकान आहे. मुलगी नोकरीला लागून पुण्याला गेली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. कापडाच्या रंगाईवर एक वर्षाचा अभ्यासक्रम इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या एका गावात शिकवतात असं कळलं. मी अर्ज केला आणि त्यांनी घेतलं. नवरा म्हणाला, "लोक या वयात श्रीशैलला जातात." मी म्हटलं, "श्रीशैल कुठं जात नाही. मी वर्षात परत येते, मग जाऊ."

तिथं एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर खोली मिळाली. शेजारच्या खोलीत बार्शीची एक तेवीस वर्षांची मुलगी होती, कॉम्प्युटरचं काहीतरी शिकणारी. सोलापूरहून इतक्या लांब येऊन शेजार मिळाला तो बार्शीचा. ती मला काकू म्हणायची आणि दिवसभर माझी चेष्टा करायची. मी घरात सलवारीवर सलवार घालते, माकडटोपी घालून भाजी चिरते, प्रत्येक नळ दोनदा बंद करते, यातलं तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. तिला काय सांगायचं? आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा पाचावरून दोनावर आणणं. मी तिथं ऑक्टोबरातच गारठले होते.

घरमालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची. उंच, सडसडीत, बोलायला तिखट. तिचा डावा खुबा पार झिजला होता. चौदा महिने ती आपल्या घराचा जिना चढली नव्हती. खालच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लागून पलंग टाकला होता आणि तिथंच तिचं सगळं चालायचं. खुबा बदलायच्या ऑपरेशनसाठी तिचा नंबर लागलेला होता. वाट बघून बघून शेवटी दवाखान्याचं पत्र आलं, फेब्रुवारीतली तारीख मिळाली. तिनं आठ दिवस आधी पिशवी भरली. त्या पिशवीत काय आहे ते मला तीन वेळा दाखवलं आणि तिन्ही वेळा म्हणाली, "मी काही घाबरलेली नाही, नीट भरलंय की नाही एवढंच बघते."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बातम्यांत सांगितलं, रात्री बर्फ पडेल. त्या गावात बर्फ म्हणजे आपल्याकडं गारा पडाव्यात तसं. कधीतरी, आणि पडला तरी तासाभरात जाणारा. गाव मात्र असं घाबरलं की दुकानांतला पाव दुपारीच संपला. घरमालकीण म्हणाली, "इथं बर्फ टिकत नाही. समुद्र जवळ आहे." आणि झोपली.

सकाळी साडेपाचला उठून पडदा सारला तर रस्त्यावरच्या दिव्यांत बाहेर सगळं पांढरं. बार्शीकरीण गाढ झोपलेली. सोलापुरात त्या वेळी अकरा वाजलेले असतात, म्हणून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी उचलला. त्या अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडीत निम्मं मराठीत बोलतात.

"चळी लई हाय का ग तितं?" चळी म्हणजे थंडी.

"आहे की. बघा, बर्फ पडलाय." मी फोन घेऊन खाली गेले, पुढचं दार उघडून त्यांना दाखवलं. दारापुढं रस्त्यापर्यंत सात दगडी पायऱ्या होत्या. पायऱ्या आहेत हेसुद्धा कळत नव्हतं.

सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. मला वाटलं काहीतरी छान म्हणतील. म्हणाल्या, "दार असंच ठिवलंस? तितं सहा वाजाय आले की. झाडून सडा टाक अगोदर, मग दाखव काय दाखवायचं ते."

दोष त्यांच्यावर ढकलता आला असता. पण खरं सांगायचं तर त्यांनी म्हणायच्या आधीच माझं लक्ष कोपऱ्यातल्या झाडूकडं गेलं होतं. लग्न झाल्यापासून सकाळी दार झाडून पाणी मारल्याशिवाय मी चूल पेटवलेली नाही. इंग्लंडातल्या या घरी आल्यावरही मी रोज पायऱ्या झाडून तांब्याभर पाणी शिंपडायची. घरमालकिणीनं कधी हरकत घेतली नव्हती.

त्यातून त्या दिवशी म्हातारी दवाखान्यात जायची. जाणाऱ्या माणसाला वाट स्वच्छ हवी. मी सातही पायऱ्यांवरचा बर्फ सुपलीनं आणि झाडूनं अगदी दगड दिसेपर्यंत काढला. खाली थोडा चिखल राहिला होता. मग आत जाऊन अर्धी बादली पाणी आणलं. एवढ्या थंडीत गार पाण्यात हात कुठं घालायचा, म्हणून गरम आणलं. वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत ऐसपैस सडा घातला. पायऱ्यांतून वाफा निघाल्या. दगड काळा, चकचकीत दिसायला लागला. मी कंबरेवर हात ठेवून बघितलं आणि मला बरं वाटलं. मग चहा ठेवला.

साडेसातला दवाखान्यातून फोन आला. घरमालकिणीनं स्पीकर लावला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. पलीकडची बाई म्हणत होती, सर्जन पोचलेले आहेत, ऑपरेशन होणार आहे. तुम्ही दहाच्या आत पोचू शकत असाल तर या. नाही जमलं तर पुढची तारीख आत्ता सांगता येणार नाही.

"येते," घरमालकीण म्हणाली. खिडकीतून बाहेर न बघताच म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं टॅक्सीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या चढावर गाडी येणार नाही, सकाळपासून दोन गाड्या आडव्या झाल्यात. खालच्या मोठ्या रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलंय, तिथं कोपऱ्यावर सव्वानऊला थांबतो. म्हणजे सात पायऱ्या, आणि पुढं शंभर-सव्वाशे पावलांचा उतार. एका काठीवर आणि एका खुब्यावर.

तेवढ्यात बार्शीकरीण उठली, खिडकीतून बघितलं आणि फोटो काढायला चपला-मोजे घालून धावली. मी स्वयंपाकघरात होते. दार उघडल्याचा आवाज आला, मग धप असा एक, मग धप धप असे आणखी दोन. मी दारात गेले तर ती तिसऱ्या पायरीवर बसलेली, फोन मात्र हात वर करून वाचवलेला.

"काकू," ती तिथूनच म्हणाली, "पायऱ्यांना पॉलिश केलंय का?"

मी एक पाय पुढं टाकला आणि दाराची चौकट धरली. पायऱ्या काचेच्या झाल्या होत्या. वरपासून खालपर्यंत, मी जेवढं निगुतीनं पाणी घातलं होतं तेवढ्याच निगुतीनं ते गोठलं होतं. आजूबाजूच्या घरांच्या पायऱ्यांवर भुसभुशीत बर्फ होता, पाय रुतेल असा. त्यांच्या पायऱ्या उतरता आल्या असत्या. आमच्या तेवढ्या उतरता येत नव्हत्या.

"सडा घातला होता," मी म्हटलं.

"बर्फात?"

"बर्फ झाडून."

"रांगोळी तेवढी राहिली बघा."

"उठ आधी. लागलंय का कुठं?"

"लागलंय तिथं दाखवता येत नाही," ती म्हणाली आणि कठडा धरून वर आली. मग तिच्याही लक्षात आलं. आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, आजी कशा उतरणार?"

आत घरमालकीण कोट चढवून खुर्चीत बसली होती, पिशवी मांडीवर. मी तिला सांगितलं, पायऱ्यांवर थोडा घट्ट बर्फ झालाय, दहा मिनिटं द्या. कुणामुळं झालाय ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "निसर्गापुढं कुणाचं चालतं?" मी म्हटलं, "हो ना." बार्शीकरणीला खोकला आला.

घरात मीठ होतं पाव किलो. तेही बारीक, जेवणाचं. दोन पायऱ्यांना पुरलं आणि त्या दोन पायऱ्यासुद्धा नुसत्या ओल्या झाल्या. शेजारच्या घरी विचारलं तर त्यांच्याकडं मीठ आमच्याहून कमी. बार्शीकरीण म्हणाली, गरम पाणी टाकून वितळवू. मी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिनं पुन्हा सुचवलं नाही.

आठ वाजून गेले होते. मग माझं डोकं जागेवर आलं, कारण हे कापडाचं काम होतं आणि ते मला येतं. माझ्या बॅगेत आमच्या दुकानातल्या दोन चादरी होत्या. एक लाल, एक हिरवी, दोन्ही जाड विणीच्या, मोर असलेल्या. माझ्या दोन प्राध्यापकांना निघताना द्यायला आणलेल्या. मी त्या काढल्या.

"अंथरायच्या?" बार्शीकरीण म्हणाली. "आजी चादरीसकट घसरतील की."

"कोरडी घसरते. ओली करून टाकली तर धरते."

दगडाला ओलं फडकं चिकटून राहिलेलं मी सकाळीच बघितलं होतं, सुपली पुसून टाकलेलं. ते ओढून निघत नव्हतं. मी चादरींची एक बाजू नळाखाली गार पाण्यात भिजवली, पिळली, आणि कठड्याला धरून वरच्या पायरीपासून अंथरत गेले. प्रत्येक पायरीच्या कोनात मुठीनं दाबून बसवली. बार्शीकरीण मागून बसत बसत येऊन कडा दाबत होती. दुकानात आम्ही कपड्याला पाय लागला तर हात लावून नमस्कार करतो. इथं मी स्वतःच्या मालावर बूट घालून गुडघे टेकले होते.

"आता सरांना काय देणार?" ती म्हणाली.

"टॉवेल."

पंधरा मिनिटांत चादरी पापडासारख्या कडक झाल्या. मी वर उभी राहून आधी हळू, मग जोरात पाय आपटले. हलल्या नाहीत. मग मीच एकदा खाली जाऊन वर आले. बार्शीकरीण जाऊन आली. मग आम्ही घरमालकिणीला दारात आणलं.

तिनं खाली बघितलं. मोरांकडं बघितलं. "यावर पाय ठेवायचा? हे भिंतीवर लावण्यासारखं आहे."

"पाय ठेवा."

"तुमच्या देशात पाहुण्याला असं उतरवतात?"

"उशीर झालेल्या पाहुण्याला उतरवतात. डावा पाय आधी."

मी तिच्या खालच्या पायरीवर, तिच्याकडं तोंड करून. बार्शीकरीण मागं, कोटाचा पट्टा धरून. एका पायरीला एक मिनिट लागलं. चौथ्या पायरीवर तिचा खुबा अडला, चेहरा पांढरा पडला आणि ती थांबली. परत जाऊ, असं आम्हां तिघींपैकी कुणीही म्हणालं असतं तर त्या क्षणी ते बरोबर वाटलं असतं. मी म्हटलं, "तीनच राहिल्यात." ती म्हणाली, "मोजता येतं मला." आणि पाय खाली टाकला.

रस्त्यावर पोरांनी पहाटेपासून घसरगुंडी करून उताराचा मधला भाग गुळगुळीत केला होता. म्हणून आम्ही कडेनं, कुंपणाच्या बाजूला, कुणी न तुडवलेल्या बर्फातून चाललो. तिथं पाय घोट्यापर्यंत रुतायचा, पण रुतायचा म्हणजे घसरत नव्हता. घसरू नये म्हणून आम्ही तिघींनी बुटांवरून लोकरीचे मोजे चढवले होते. अर्ध्या वाटेत ती थांबली. मला वाटलं पुन्हा कळ आली. पण ती कुंपणावरच्या बर्फाकडं बघत होती. हातमोजा काढून तिनं चिमूटभर बर्फ उचलला आणि तोंडाकडं नेला.

मी तिचं मनगट धरलं. "उपाशी राहायचं सांगितलंय."

"हा बर्फ आहे."

"पाणीच आहे. ऑपरेशन पुढं ढकलतील."

"लहानपणी मी—"

"लहानपणी खुबा चांगला होता. टाका खाली."

तिनं टाकला. बार्शीकरीण मराठीत म्हणाली, "काकू, पायरीवर पाणी घालणारी बाई बर्फ खाणाऱ्या बाईला दटावतीय." मी तिला चालत राहायला सांगितलं.

टॅक्सी कोपऱ्यावर उभी होती. नऊ चाळीसला आम्ही दवाखान्यात होतो. तिला पलंगावर घेतलं, मनगटाला नावाची पट्टी बांधली, नाव चार वेळा विचारलं. मग थोडा वेळ आम्हाला तिच्याजवळ बसू दिलं. ती डोळे मिटून पडली होती आणि मला ते सांगून टाकायचं होतं. भुलीच्या औषधाखाली जाणाऱ्या माणसाशी आपण खोटं बोललेलं राहू नये, एवढाच हिशेब. बाकी काही नाही.

"पायऱ्यांवरचा तो बर्फ निसर्गानं केलेला नव्हता," मी म्हटलं. "मी पहाटे पाणी टाकलं होतं."

"माहीत आहे," ती डोळे न उघडता म्हणाली. "माझा पलंग खिडकीशी आहे. मी जागी होते. तू सगळं झाडलंस, मग बादली आणून वरून खाली पाणी घातलंस, मग उभी राहून बघत होतीस."

"मग थांबवलं का नाही?"

"तू रोज सकाळी करतेस. मला वाटलं तुझ्या धर्मातलं काही आहे. एखाद्याच्या पूजेत मध्ये बोलणं बरं दिसत नाही."

बार्शीकरीण पडद्याआड गेली. पडदा हलत होता, त्यावरून ती हसतेय हे कळत होतं. इतकी वर्षं मी सडा घालते, ती पूजा की साफसफाई, असं कुणी विचारलेलं नव्हतं. थोडं थोडं दोन्ही, असं मी म्हटलं.

"आणि तुम्ही पडला असतात तर?"

"तर आणलं इथंच असतं," ती म्हणाली. तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि पलंग ढकलत तिला घेऊन गेल्या. दारातून जाताना तिनं पिशवी कुणाकडं आहे ते विचारलं.

आम्ही बाहेर बसलो. बार्शीकरणीनं तिच्या खिशातून बिस्किटं काढली. मला म्हणाली, "तुम्ही कधी बसल्यावर पाय हलवत नाही काकू, आज हलवताय." मी पाय थांबवले, आणि थोड्या वेळानं ते पुन्हा हलायला लागले. दुपारी दीडला डॉक्टर आले आणि म्हणाले, सगळं व्यवस्थित झालंय, संध्याकाळी भेटता येईल. घरी परतलो तेव्हा उतारावर वितळलेल्या बर्फाचा नुसता राडा झाला होता आणि चादरी पायऱ्यांवरून सुटून भिजलेल्या पडल्या होत्या. मी त्या धुऊन वाळत घातल्या. रंग गेला नाही. एवढं आमच्या मालाबद्दल सांगायला हरकत नाही.

चौथ्या दिवशी ती दोन कुबड्यांवर घरी आली. रोज व्यायाम सांगितलेले होते. ते ती आम्हाला मोजायला लावायची आणि आम्ही मोजलेले चुकीचे आहेत असं म्हणायची. महिन्यानं कुबड्या जाऊन काठी आली. मार्चच्या अखेरीस एका रविवारी, आम्ही दोघी वर चहा पीत असताना जिन्यात पावलं वाजली. सावकाश, पण एकामागून एक. बार्शीकरीण उठून जाणार होती, मी तिला हातानं बसवलं.

ती वर आली. दारात उभं राहून तिनं पंधरा-सोळा महिन्यांत न बघितलेला आपला वरचा मजला बघून घेतला. हीटरवर वाळत टाकलेले कपडे. खिडकीत दोरीला अडकवलेल्या मिरच्या. कपाटावर रचलेल्या कडक भाकऱ्या, ज्यांतली एक तिनं उचलून वाजवून बघितली आणि हे खायचं का, असं विचारलं. मग ती न्हाणीघराकडं वळली आणि तिथंच थांबली.

टब काठोकाठ भरलेला होता. शेजारी दोन बादल्या आणि एक पातेलं, तीही भरलेली, झाकण घातलेली.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "की हेही विचारायचं नाही?"

"पाणी आहे," मी म्हटलं. "भरून ठेवलेलं बरं असतं. कधी जाईल सांगता येत नाही."

"या घरात मी बावन्न वर्षं राहते. पाणी कधी गेलेलं नाही."

"आमच्याकडे चार-चार दिवसांनी येतं," बार्शीकरीण म्हणाली. तिच्या गावातही पाण्याचे तेच हाल, म्हणून या एका बाबतीत ती माझ्या बाजूनं असते.

घरमालकिणीनं टबाकडं काठी केली. "काढा ते बूच."

"तुम्ही खोलीत बसा, मी काढते नंतर."

"आत्ता."

तिला वाकायला अजून डॉक्टरांची बंदी होती, म्हणून बाही वर करून मलाच हात घालावा लागला. चांगलं स्वच्छ पाणी होतं. टब मोठा, रिकामा व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ती काठी दाराला लावून ठेवून, कुठंही न टेकता उभी राहिली.